खाडी घेते की सोडते?

प्रश्न : मी मुलुंड पूर्वेला राहते. शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायच्या बोटीत बसले. बोटीवर माहिती सांगणाऱ्या मुलाने काठाकडे हात करून सांगितलं, की ही खाडी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. नात नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने आर्क्टिकमधल्या फ्योर्डांबद्दल वाचलं होतं. तिथलं पाणी ऋतूप्रमाणे हा वायू कधी घेतं, कधी सोडतं, असं त्यात होतं. तिने लगेच विचारलं, "आजी, मग आपली खाडी कधी घेते आणि कधी सोडते?" मला सांगता आलं नाही. परत येताना ओहोटी लागली होती आणि चिखलातून बुडबुडे निघत होते. तो हाच वायू का? आणि एक विचारते : गोव्यातली माणसं समुद्राचा अभ्यास करायला एवढ्या लांब आर्क्टिकला का जातात? आपला समुद्र दाराशी असताना?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, थोडक्यात उत्तर आधी देतो, म्हणजे नातीला आजच सांगता येईल. आर्क्टिकमधली फ्योर्डं, वर्षभराचा जमाखर्च मांडला तर, बहुतेक ठिकाणी घेणारी निघतात. ठाण्याच्या खाडीसारख्या, काठाला खारफुटी आणि पोटात शहराचं सांडपाणी असलेल्या उष्ण प्रदेशातल्या खाड्यांचं पाणी मात्र मुख्यतः सोडणारं असतं. तरीही बोटीवरचा मुलगा चूक बोलला नाही. त्याचा हात काठाकडे होता, झाडांकडे आणि चिखलाकडे. पाण्याचा हिशोब वेगळा आणि काठाचा वेगळा, आणि बहुतेक गोंधळ हे दोन हिशोब एकत्र केल्यामुळे होतो.

आता मुळापासून. पाणी आणि हवा यांच्यात वायूची देवाणघेवाण सतत चालू असते. पाण्यात विरघळलेला वायू बाहेर पडायला जोर लावतो, हवेतला आत शिरायला. शास्त्रज्ञ याला आंशिक दाब म्हणतात, मी इथे सरळ 'जोर' म्हणतो. ज्याचा जोर कमी, त्याच्याकडे वायू जातो. हवेत आज दर दहा लाख भागांत सुमारे ४२५ भाग कार्बन डायऑक्साइड आहे. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या माउना लोआ पर्वतावर तो नियमित मोजायला सुरुवात केली, तेव्हा हा आकडा ३१५ च्या आसपास होता. खाडीच्या पाण्याचा जोर हवेपेक्षा कमी असेल तर खाडी घेणार, जास्त असेल तर सोडणार. तुमच्या नातीच्या प्रश्नाचा अर्थ एवढाच होतो : वर्षाच्या कोणत्या महिन्यात पाण्याचा जोर हवेच्या खाली असतो, आणि तो खाली-वर कशाने होतो?

पहिलं कारण तापमान. स्टेशनबाहेरच्या गाडीवरचा गोटी सोडा आठवा. बर्फातून काढलेली बाटली गोटी दाबली तरी बेताने फसफसते. उन्हात राहिलेली उघडली तर हातावर फेस येतो. वायू तेवढाच, पण तापलेल्या पाण्याला तो धरून ठेवता येत नाही. शून्य अंशाचं पाणी २५ अंशांच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळवू शकतं. समुद्राच्या पाण्याचं मोजमाप असं आहे, की ते एक अंश तापलं की त्यातल्या या वायूचा जोर सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. हे टक्के चक्रवाढीसारखे चढत जातात. आर्क्टिकमधलं २ अंशांचं पाणी बंद भांड्यात मुलुंडला आणलं आणि आतलं काहीही न बदलता खाडीच्या २८ अंशांवर येऊ दिलं, तर त्याचा जोर जवळपास तिप्पट झालेला असेल.

पण सगळं थंडीवरच ठरत असतं, तर फ्योर्डच्या पाण्याचा जोर ऐन हिवाळ्यात सर्वांत कमी असायला हवा होता. घडतं उलटं. हिवाळ्यात तो वर्षातला सर्वांत जास्त असतो आणि वसंतात सर्वांत कमी. इथे दुसरं कारण येतं, ते म्हणजे जीवसृष्टी. ते समजायला एक फ्योर्ड नीट पाहू. त्यासाठी मी मुद्दाम असं फ्योर्ड निवडतो जिथे गोव्याची माणसं आहेत, म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचंही उत्तर वाटेत मिळेल.

नॉर्वे आणि उत्तर ध्रुव यांच्या मधोमध स्वालबार्ड नावाची बेटं आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ७९ अक्षांशाच्या जवळ, कोंग्सफ्योर्डन ही खाडी आहे. नावाचा अर्थ राजाची खाडी. लांबी सुमारे २० किलोमीटर, म्हणजे आपल्या ठाण्याच्या खाडीपेक्षा थोडी आखूडच, कारण आपली सुमारे २६ किलोमीटर भरते. पण लांबीशी साम्य संपतं. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने हजारो वर्षं खडक खरवडून केलेली दरी, जिच्यात मागाहून समुद्र शिरला. कोंग्सफ्योर्डनमध्ये काही ठिकाणी तळ ३०० मीटरहून खाली आहे. आपल्याकडे भांडुपच्या बाजूला ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की पक्षी चिखलावर चालत चरतात.

या फ्योर्डच्या काठावर न्यी ओलेसुन हे गाव आहे. ते वसलं कोळशाच्या खाणीसाठी. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मृत्युमुखी पडले आणि पुढच्या वर्षी खाण कायमची बंद झाली. ज्या जागेतून माणसं कोळसा काढत होती, तिथेच आज निरनिराळ्या देशांचे संशोधक कोळशाच्या धुराचा हिशोब ठेवतात. गावामागच्या झेपेलिन डोंगरावरच्या वेधशाळेत हवेतला कार्बन डायऑक्साइड सतत मोजला जातो. आणि गावातल्या एका इमारतीच्या दाराशी दगडी सिंह बसलेले आहेत. ती इमारत आपली, नाव 'हिमाद्री'. १ जुलै २००८ रोजी हे भारतीय केंद्र सुरू झालं. त्याचं काम गोव्यातून, वास्कोजवळच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं. जुलै २०१४ मध्ये गोव्याच्या या संशोधन केंद्राने चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेबरोबर कोंग्सफ्योर्डनच्या पाण्यात 'इंडआर्क' ही यंत्रणा सोडली. सुमारे १९० मीटर खोल पाण्यात तळाशी नांगरलेला एक दोर, आणि त्यावर वेगवेगळ्या खोलीवर बांधलेली उपकरणं. तापमान, क्षारता, प्रवाह अशा नोंदी ती माणूस नसतानाही घेत राहतात, बर्फाखाली आणि अंधारात.

अंधारात हा शब्द तिथे शब्दशः घ्यायचा. ऑक्टोबरच्या शेवटाला सूर्य क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. उजेड नाही, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींना, म्हणजे वनस्पतिप्लवकांना, अन्न तयार करता येत नाही. जिवाणू आणि प्राणी मात्र श्वास घेतच असतात. उन्हाळ्यात खाली बसलेलं सेंद्रिय द्रव्य कुजतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वादळं पाणी ढवळून तो वर आणतात. म्हणून पाणी सर्वांत थंड असतानाही त्याचा जोर चढत चढत हवेच्या जोराच्या जवळ पोचतो.

मग उजेड परततो. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तिथे सूर्य मावळत नाही. हिवाळ्याने वर आणलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात तयारच असतं. काही आठवड्यांत डायटम आणि त्यांच्यासारखे प्लवक इतके वाढतात की पाण्याचा रंग बदलतो. ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड भराभर खातात आणि जोर कोसळतो. हवेतला वायू आत शिरू लागतो. एप्रिल-मे हा तिथला घेण्याचा हंगाम, आपल्याकडे जसा आंब्याचा.

आता तुमची नात विचारेल की जोर एवढा उतरला तर हवा लगेच तूट भरून का काढत नाही? हा माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. समुद्रात शिरलेला कार्बन डायऑक्साइड बहुतांशी वायू म्हणून राहतच नाही. पाण्याशी आणि त्यातल्या क्षारांशी संयोग होऊन त्याचं बायकार्बोनेट होतं. समुद्रात विरघळलेल्या असेंद्रिय कार्बनपैकी सुमारे ९० टक्के या रूपात असतो, बाकीचा बराचसा कार्बोनेट, आणि जेमतेम एक टक्का वायू. जोर लावतो तो हा एक टक्का. हवेतून थोडा वायू आला की तो बायकार्बोनेटच्या कोठारात जातो आणि दाराशी जागा पुन्हा रिकामी. ऑक्सिजनच्या बाबतीत असं कोठार नाही, म्हणून समुद्राचा वरचा थर आणि हवा यांच्यातला ऑक्सिजनचा तोल काही आठवड्यांत साधतो. कार्बन डायऑक्साइडला महिने लागतात. मे महिन्यात रिकामं झालेलं पाणी म्हणून ऑगस्टमध्येही घेतच असतं. समुद्रात मिळून हवेच्या सुमारे पन्नास पट कार्बन मावलेला आहे तो या कोठारामुळेच, आणि माणूस दरवर्षी जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र आपल्या पोटात घालतो तोही यामुळेच.

जून-जुलैत हिमनद्या वितळायला लागतात. कोंग्सफ्योर्डनच्या आतल्या टोकाला, जिथे हिमनद्यांचे कडे थेट पाण्यात उतरतात, तिथलं वितळपाणी तांबडं असतं. आसपासचा तांबडा वालुकाश्म दळून त्यात आलेला असतो. या गढूळपणामुळे उजेड खोल जात नाही आणि प्लवकांचं काम मंदावतं. त्यामुळे आता घेणं थांबेल असं वाटतं, पण थांबत नाही. वितळपाणी गोडं असतं, त्यात क्षार नगण्य. असं पाणी खाऱ्या पाण्यात मिसळलं की वायूचा जोर दोघांच्या सरासरीपेक्षाही खाली जातो. सरबतात पाणी घातलं तर गोडी सरळ प्रमाणात उतरते. इथे मध्ये बायकार्बोनेटचं रसायन असल्यामुळे हिशोब सरळ राहत नाही. ग्रीनलंडमध्ये नूक शहराजवळच्या मोठ्या फ्योर्डमधला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथलं पाणी इतका कार्बन डायऑक्साइड का घेतं याची हीच दोन कारणं त्यात मांडली आहेत, प्लवकांची वाढ आणि हिमनदीचं पाणी.

याचा अर्थ हिमनद्या वितळणं चांगलं असा मात्र नातीला घेऊ देऊ नका. क्षार पातळ झालेल्या पाण्यात आम्लता सोसण्याची ताकद कमी असते. थोडा जादा वायू शिरला तरी ते पटकन आम्लाकडे झुकतं, आणि चुन्याचं कवच बांधणाऱ्या लहान समुद्री गोगलगायींना ते भोवतं.

गेल्या काही वर्षांत या चक्राची एक बाजू निखळली आहे. पूर्वी हिवाळ्यात कोंग्सफ्योर्डनवर बर्फाचं झाकण बसायचं. २००५-०६ च्या हिवाळ्यात अटलांटिकचं उबदार पाणी मोठ्या प्रमाणात आत आलं, आणि त्यानंतर फ्योर्डच्या बाहेरच्या आणि मधल्या भागात बर्फ बसणं बेभरवशाचं झालं. झाकण नाही, म्हणजे हिवाळी वादळातही पाणी आणि हवा समोरासमोर. वायूच्या देवाणघेवाणीचा वेग वाऱ्याच्या वेगाबरोबर, जवळजवळ त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, वाढतो. उन्हाळ्यातल्या मोजमापांवरून वर्षाचा हिशोब मांडायची जुनी सवय त्यामुळे पुरेशी राहिली नाही. भारताने डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी मोहीम हिमाद्रीला पाठवली, ती का महत्त्वाची हे यावरून लक्षात येईल. वर्षाच्या हिशोबाच्या वहीतली कोरी पानं अंधाऱ्या महिन्यांचीच होती.

आता मुलुंडला येऊ.

ठाण्याच्या खाडीत ध्रुवीय रात्र नाही. इथलं वर्ष दोन भागांचं, पावसाळ्याचे चार महिने आणि उरलेले आठ. आणि त्या वर्षाच्या आत दिवसातून दोनदा उलटणारं दुसरं घड्याळ, भरती-ओहोटीचं. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो. तुमची बोट भरतीची वेळ पाहूनच सुटली असणार.

आधी काठ. ठाण्याच्या खाडीच्या काठाला मुख्यतः तिवर आहे. तिवराच्या पानांनी हवेतून घेतलेला कार्बन झाडात जातो, पान गळलं की चिखलात. त्या चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतो, म्हणून पान पुरतं कुजत नाही. थरावर थर बसत जातात आणि कार्बन शेकडो वर्षं तिथे दबून राहू शकतो. तिवराची मुळं पेन्सिलींसारखी चिखलाबाहेर डोकं काढून उभी असतात, तीही खाली श्वासाला हवा नाही म्हणूनच. बोटीवरचा मुलगा हे सांगत होता, आणि ते खरं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनं तोडायला बंदी केली, २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला, २०१५ मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. हे सगळं झालं नसतं तर तुमच्या नातीला दाखवायला काठ किती उरला असता, हा विचार मी ऐरोलीच्या पुलावरून जाताना प्रत्येक वेळी करतो.

पण चिखलात सगळंच दबून राहत नाही. खेकड्यांनी तिवराखालचा चिखल बिळांनी पोखरलेला असतो. भरतीचं पाणी त्या बिळांत शिरतं, आत कुजण्यातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि ओहोटीबरोबर खाडीत परत येतं. म्हणून खारफुटीच्या खाडीत पाण्याचा जोर ओहोटीच्या तळाशी चढलेला असतो आणि समुद्राचं ताजं पाणी भरतीबरोबर आलं की उतरतो. त्या पाण्याबरोबर बायकार्बोनेटही समुद्रात जातं आणि ते मात्र हवेत न परतता दीर्घकाळ समुद्रातच राहतं.

यावर आपण काय घालतो? शहराचं सांडपाणी. भांडुप आणि घाटकोपरच्या प्रक्रिया केंद्रांतून येणारं, आणि नाल्यांतून थेट येणारं. सांडपाण्यातलं सेंद्रिय द्रव्य जिवाणूंचं अन्न आहे. ते खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. आतल्या भागात, मुलुंड-ठाण्याच्या बाजूला, खाडी चिंचोळी आहे, समुद्राचं पाणी तिथवर पोचून पूर्ण बदली होत नाही, म्हणून तिथे हा परिणाम सर्वांत जास्त. पश्चिम उपनगरांत मालाडच्या खाडीची अवस्था याहून वाईट आहे, ओहोटीच्या वेळी तिथल्या पाण्यात ऑक्सिजन शून्याजवळ जातो. चार बंगल्याला मी राहतो तिथून जवळच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मुंबईच्या या खाड्यांचं पाणी तिथले शास्त्रज्ञ अनेक वर्षं तपासत आले आहेत, आणि पाण्यात ऑक्सिजन किती कमी आहे ते पाहिलं की कार्बन डायऑक्साइड कुठे असणार याचा अंदाज बांधता येतो. श्वसनात एक जितका जातो, साधारण तितकाच दुसरा येतो.

मग ऋतूंचं काय? गोव्यातल्या मांडवी आणि झुआरीच्या खाड्यांचं चित्र आपल्याला सर्वांत जवळचं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सरमा आणि सहकाऱ्यांनी तिथे वर्षभर मोजमापं घेऊन २००१ साली निष्कर्ष मांडला. पावसाळ्यात या खाड्या भरपूर कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात, कोरड्या महिन्यांत कितीतरी कमी. पावसाबरोबर जमिनीवरचा पाचोळा, माती, सेंद्रिय द्रव्य वाहून येतं, जिवाणूंना मेजवानी मिळते, पाणी गढूळ असल्यामुळे प्लवकांना उजेड मिळत नाही. घेणारे हात बंद, सोडणारे जोरात. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि तो रस्ते, गटारं, नाले धुऊनच खाडीत उतरतो.

नोव्हेंबरनंतर पाणी निवळतं, ऊन स्वच्छ पडतं आणि उथळ चिखलावर शैवालाचा हिरवट थर धरतो. दिवसा तो कार्बन डायऑक्साइड घेतो, रात्री श्वसन करून सोडतो. तो थर हेच फ्लेमिंगोंचं जेवण, म्हणून ते याच दिवसांत येतात. फ्योर्डमध्ये जे काम एप्रिल-मे करतात ते आपल्याकडे थोड्या प्रमाणात हिवाळ्यातल्या दुपारी होतं. नातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणून असं : फ्योर्डचं चक्र उजेड-अंधाराचं, वर्षाला एकदा फिरणारं. आपल्या खाडीचं चक्र पावसाचं आणि भरती-ओहोटीचं. पावसाळ्यात आणि ओहोटीच्या तळाशी ती सर्वांत जास्त सोडते. कोरड्या ऋतूत, भरतीला, भर दुपारी सर्वांत कमी.

आता बुडबुडे. तुम्ही पाहिलेले बुडबुडे बहुधा मिथेनचे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात इतका सहज विरघळतो की चिखलात त्याचे बुडबुडे सहसा धरत नाहीत. तो पृष्ठभागावरून गुपचूप निघून जातो, डोळ्यांना दिसत नाही. मिथेन फार थोडा विरघळतो, म्हणून तो साठतो आणि पाण्याचं वजन ओहोटीला हलकं झालं की सुटतो. त्याच वेळी सडक्या अंड्याचा वासही आला असेल. तो हायड्रोजन सल्फाइडचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, आणि ऑक्सिजन संपला की चिखलातले काही जिवाणू सल्फेट वापरून श्वसन करतात. सल्फेटही संपतं तेवढ्या खोल थरात मिथेन करणाऱ्यांची पाळी येते. हवेतली उष्णता अडवण्यात मिथेनचा एक कण कार्बन डायऑक्साइडच्या कणापेक्षा कितीतरी भारी, त्यामुळे खाडीच्या जमाखर्चात ते बुडबुडे धरावेच लागतात.

सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया झाली तर खाडी घेणारी होईल का, असं कोणी विचारलं तर मी घाईने हो म्हणणार नाही. प्रक्रिया केंद्रातही जिवाणूच तो मैला खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो वायू खाडीऐवजी टाकीतून जातो एवढंच. पण खाडीत ऑक्सिजन परत येतो, चिखलातून मिथेन कमी होतो, मासे आत येऊ शकतात. मुंबईतल्या सात मैलापाणी प्रक्रिया केंद्रांच्या नव्या बांधणीची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली, भांडुप आणि घाटकोपर त्यांत आहेत. कार्बनच्या आकड्यांसाठी नाही तरी खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्यांसाठी मी त्या कामाची वाट पाहतो आहे.

खाडीच्या बाहेरचा समुद्र तरी घेतो का? वर्सोव्यावरून दिसणारा अरबी समुद्रही बव्हंशी सोडणारा आहे. १९९२ ते १९९७ या काळात 'सागर कन्या' या जहाजावरून भारतीय शास्त्रज्ञांनी त्याची ऋतुवार मोजमापं घेतली. पावसाळी वाऱ्यांमुळे खोलातलं कार्बन डायऑक्साइडने भरलेलं थंड पाणी वर येतं, विशेषतः सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर, आणि त्या महिन्यांत समुद्र सर्वांत जास्त सोडतो. आपल्या किनाऱ्यालगतही जून ते ऑक्टोबर खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी उथळ भागात चढतं. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ते जगापुढे मांडलं, आणि गोव्यात कांदोळीसमोर १९९७ पासून त्यावर सातत्याने नजर ठेवली जाते.

दाराशी समुद्र असताना लांब का जायचं, या प्रश्नाचं उत्तर आता सोपं आहे. दाराशीही जातात, आणि तेच लोक, तीच शिस्त घेऊन तिकडेही. आर्क्टिकमधल्या बर्फाचा आपल्या मान्सूनशी काय संबंध आहे, हा हिमाद्रीच्या कामातला एक मुख्य प्रश्न आहे, आणि ज्या देशाची शेती पावसावर चालते त्याने तो स्वतः मोजून पाहणं योग्यच. तिथे जायचा हक्कही जुना आहे. १९२० च्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश राजवटीत भारताचीही सही झाली होती.

नातीच्या प्रकल्पासाठी घरात करता येण्यासारखं एक सांगतो. साध्या सोड्याच्या सारख्या दोन बाटल्या आणा. एक रात्रभर फ्रीजमध्ये, एक बाहेर. सकाळी दोन्ही न हलवता उघडा आणि लगेच तोंडावर एकेक फुगा चढवा. थंड बाटली बर्फाच्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा, दुसरी खिडकीतल्या उन्हात. दर पाच मिनिटांनी दोन्ही फुग्यांचा घेर दोऱ्याने मोजून तिला वहीत मांडायला सांगा. पानवाल्याकडचा थोडा चुना रात्री पाण्यात कालवून ठेवला असेल तर वरची निवळी एका ग्लासात ओतून घ्या, डोळ्यांना लागू देऊ नका. उन्हातला फुगा उभा राहिला की तो चिमटीत धरून काढा, त्याच्या तोंडात स्ट्रॉ घालून आतला वायू हळूहळू निवळीत सोडा. निवळी दुधाळ होईल. मग बर्फातल्या फुग्याचं काय झालं ते तिला बघू द्या.